‘इन्फेलिक्स’चं पुढे काय झालं: रोमान्स भाषांमधला ‘अभागी’

प्रश्न असा आहे: स्पॅनिश ‘इन्फेलिस’, इटालियन ‘इन्फेलीचे’ आणि पोर्तुगीज ‘इन्फेलिझ’ हे तिन्ही शब्द लॅटिनच्या ‘इन्फेलिक्स’वरून आले. मग फ्रेंचमध्ये ‘मालरो’ कुठून आला, रुमानियनमध्ये ‘नेफेरिचीत’ का, आणि मराठीत भाषांतर करताना या सगळ्यांना सरसकट ‘दुर्दैवी’ लावलं तर चालेल का?

शेवटच्या भागाचं उत्तर आधी देऊन टाकू: नाही चालणार. मूळ एक असलं तरी आज या शब्दांचा अर्थ मुळावरून ठरत नाही. शब्द कुठल्या नामाला लागलाय, नामाच्या आधी आलाय की नंतर, आणि कुठल्या देशात बोलला गेलाय, यावरून तो ठरतो. हे फरक का पडले ते मात्र मूळ पाहिल्याशिवाय कळत नाही, म्हणून सुरुवात तिथूनच. देवनागरीतले उच्चार जवळपासचे समजावेत, विशेषतः फ्रेंचचे.

लॅटिन ‘फेलिक्स’ म्हणजे सुखी, भाग्यवान. पण त्याचा जुना अर्थ ‘फळणारा, सुफळ’ असा आहे. त्याचा संबंध ‘स्तनपान करणे, दूध पाजणे’ या अर्थाच्या आद्य इंडो-युरोपीय धातूशी जोडला जातो, आणि संस्कृतातला ‘धेनु’ त्याच धातूचा. ‘ध’ आणि ‘फ’ यांचं नातं ओढूनताणून आणलेलं नाही. शब्दारंभीचा मूळ ‘ध’ संस्कृतात टिकतो आणि लॅटिनमध्ये ‘फ’ होतो: आपला ‘धूम’, त्यांचा ‘फूमुस’. ‘फेमिना’ (स्त्री), ‘फिलियुस’ (मुलगा), ‘फेकुंदुस’ (सुपीक) हे लॅटिन शब्दही याच कुळातले. नकाराचा ‘इन्’ हा उपसर्ग आपल्या ‘अ-’, ‘अन्-’चा सख्खा भाऊ. म्हणजे ‘इन्फेलिक्स’ घडणीने ‘अफल’ आहे, ‘दुःखी’ नंतर.

रोमन कायद्याच्या जुन्या भाषेत हा अर्थ स्पष्ट दिसतो. ‘आर्बोर इन्फेलिक्स’ म्हणजे फळ न देणारं, पाताळातल्या देवांच्या हवाली असलेलं झाड. इतिहासकार लिव्हीने होरेशियसच्या खटल्याची हकीकत सांगताना शिक्षेचा जुना मजकूर दिलाय. त्यात गुन्हेगाराचं डोकं झाकून त्याला अशा झाडाला दोरीने टांगण्याची आज्ञा आहे. झाडाचा शब्द माणसाला लागला तेव्हा ‘वांझ’ आणि ‘अशुभ’ या दोन्ही छटा बरोबर आल्या. रोमन कवी व्हर्जिल ‘एनीड’ या महाकाव्यामध्ये डायडो राणीला पुन्हा पुन्हा ‘इन्फेलिक्स’ म्हणतो, तेव्हा ती दुःखी आहे, तिचं नशीब फिरलंय आणि तिचा शेवट वाईट होणार आहे, हे तिन्ही एका शब्दात येतं. पुढे रोमान्स भाषांनी, म्हणजे लॅटिनपासून निघालेल्या भाषांनी, या छटा वेगवेगळ्या शब्दांत वाटून घेतल्या. भाषांतराची अडचण तिथूनच सुरू होते.

आता ध्वनी. रोमान्स भाषांतली बहुतेक नामं आणि विशेषणं लॅटिनच्या द्वितीयेच्या रूपातून उतरली आहेत, प्रथमेच्या नाही. त्यामुळे कोशातलं ‘इन्फेलिक्स’ बाजूला ठेवून ‘इन्फेलीकेम’ हातात घ्यायचं. शेवटचा ‘म’ फार लवकर गळला, उरलं ‘इन्फेलीके’. ‘ए’ किंवा ‘इ’च्या आधीचा ‘क’ जवळपास सगळीकडे बदलला, पण एकसारखा नाही. इटलीत आणि रुमानियात तो ‘चिंच’मधला तालव्य ‘च’ झाला. पश्चिमेकडे तो ‘चाक’मधल्या दंत्य ‘च’पर्यंत आला आणि दोन स्वरांच्या मध्ये मृदू होऊन ‘माझा’मधल्या ‘झ’सारखा झाला. पुढे स्पॅनिशमध्ये तो पुन्हा कठोर झाला: स्पेनच्या बहुतेक भागात जीभ दातांमध्ये घेऊन उच्चारला जाणारा ‘थ’, लॅटिन अमेरिकेत ‘स’. मराठी माणसाच्या तोंडात दोन्ही ‘च’ आणि दोन्ही ‘झ’ रोजचे असल्याने हा प्रवास त्याला इतरांपेक्षा सोपा जातो, त्याचा फायदा जरूर घ्या.

ताळा करायला ‘शांतता’ हा शब्द बरा. लॅटिन ‘पाकेम’, इटालियन ‘पाचे’, रुमानियन ‘पाचे’, स्पॅनिश ‘पास’, पोर्तुगीज ‘पाझ’. त्याच साच्यात ‘फेलीकेम’ घाला: ‘फेलीचे’, ‘फेरीचे’, ‘फेलिस’, ‘फेलिझ’. बसलं. रुमानियनमधला ‘र’ चूक नाही. आपल्याकडे ‘रलयोरभेदः’ (र आणि ल यांत भेद नाही) म्हणतात, तिथे तो पक्का ध्वनिनियम आहे: वारशाने आलेल्या शब्दांत दोन स्वरांमधला एकेरी ‘ल’ ‘र’ होतो. ‘सोलेम’ (सूर्य) ‘सोआरे’ झाला, ‘सालेम’ (मीठ) ‘सारे’. म्हणून ‘फेरीचे’ हा लोकांच्या तोंडून अखंड चालत आलेला शब्द आहे. ‘नेफेरिचीत’ त्याच्यावर बेतलेल्या क्रियापदाचं धातुसाधित, आणि सुरुवातीचा ‘ने’ शेजारच्या स्लाव भाषांचा. थोडक्यात, रुमानियनने ‘फेलिक्स’ ठेवला आणि ‘इन्’ टाकून दिला.

स्पॅनिशमध्ये एक वेगळी खूण बघण्यासारखी आहे. तोंडून तोंडी आलेल्या शब्दांत सुरुवातीचा ‘फ’ सहसा गळतो: ‘फिलियुम’चा ‘इहो’, ‘फारिना’चा ‘आरिना’, ‘फाकेरे’चा ‘आसेर’. ‘फेलिस’मध्ये तो टिकलाय. यावरून शब्दावर लेखी लॅटिनचा, म्हणजे चर्च आणि शाळेचा हात फिरला असावा असा अंदाज बांधता येतो. मात्र केवळ ‘फ’वरून निकाल देऊ नका, कारण ‘फिएस्ता’ आणि ‘फुएगो’ हे अगदी घरचे शब्दही ‘फ’ राखून आहेत. लिहिताना होणारी एक हमखास चूक इथेच सांगतो: स्पॅनिश अनेकवचनात शेवटचं अक्षर बदलतं (‘सेता’ म्हणजे z, त्याच्या जागी ‘से’ म्हणजे c), पोर्तुगीजमध्ये बदलत नाही. दोन्ही भाषा शिकणारे इथे नेमकी अदलाबदल करतात.

फ्रेंचने मात्र हे विशेषण सोडूनच दिलं. ‘फेलिसिते’सारखे विद्वानांनी आणलेले शब्द तिथे आहेत, पण ‘सुखी’ आणि ‘दुःखी’ यांसाठी फ्रेंच माणूस पक्ष्यांच्या शकुनाकडे गेला. रोममध्ये ‘ऑगुर’ नावाचे पुरोहित पक्ष्यांवरून शकुन पाहत, त्या शकुनाला ‘ऑगुरियुम’ म्हणत. बोलीत पहिला ‘ऑ’ ‘अ’ झाला, जसा ‘ऑगुस्तुस’ महिन्याचा पुढे फ्रेंचमध्ये ‘ऊत’ झाला. ‘ग’ गळला आणि जुन्या फ्रेंचमध्ये दोन अक्षरांचा ‘एउर’ उरला, अर्थ ‘नशीब’. चांगलं नशीब ‘बोनर’, वाईट नशीब ‘मालर’, आणि वाईट नशिबाचा तो ‘मालरो’. आज या शब्दांच्या स्पेलिंगमध्ये जो मुका ‘एच’ दिसतो तो नंतर घुसलाय. ‘तास’ या अर्थाचा ‘अर’ (लॅटिन ‘होरा’) कानाला सारखा लागायचा, म्हणून लेखनिकांनी नशिबालाही तेच अक्षर चिकटवलं. ‘मालर’चा ‘वाईट वेळ’शी संबंध जोडणारे लेख दिसतात. कल्पना गोड आहे, पण व्युत्पत्ती खोटी आहे.

तोच ‘ऑगुरियुम’ शेजारी कसा वागला तेही पाहा. इटालियनमध्ये ‘आउगूरी’ म्हणजे शुभेच्छा, तर ‘शागुरातो’ म्हणजे अभागी, आणि त्याहून जास्त वेळा हरामखोर. स्पॅनिश ‘आग्वेरो’ शकुनापाशीच थांबला. कॅटलानमध्ये ‘मालाउरात’ म्हणजे दैवाने मारलेला. एकाच शब्दातून शुभेच्छाही निघाल्या आणि शिवीही.

शिवीचा हा मुद्दा सगळ्यांत महत्त्वाचा आहे, कारण भाषांतरात घात होतो तो इथे. माणसाला लावलेलं ‘दुर्दैवी’ हे विशेषण रोमान्स भाषांमध्ये पुन्हा पुन्हा ‘नालायक’कडे घसरतं. मराठी वाचकाला हे पटकन पटेल: ‘करंटा’ म्हणजे खरं तर ज्याचं नशीब फुटकं तो, पण आपण तो शब्द कीव करताना कमी आणि झाडताना जास्त वापरतो. रोमान्समध्ये या घसरगुंडीवर निदान चार वेगवेगळ्या मुळांचे शब्द सापडतात.

पहिलं मूळ ‘ग्रातिया’, म्हणजे कृपा. कृपा काढून घेतलेला तो इटालियन ‘दिसग्रात्सियातो’, स्पॅनिश ‘देसग्रासियादो’, पोर्तुगीज ‘देझग्रासादु’. इटालियनमध्ये तो ‘बिचारा’ही असतो आणि ‘नालायक’ही, आई मुलावर ओरडतानाही तोच. स्पेनमध्ये दोन्ही अर्थ चालतात, सूर पाहावा लागतो. मेक्सिकोत आणि लॅटिन अमेरिकेच्या बऱ्याच भागात ‘नीच, बदमाश’ हाच अर्थ आधी कानावर पडतो. ब्राझीलमध्ये ती चांगलीच जड शिवी आहे. फ्रेंचमध्ये याच घडणीचा ‘दिसग्रासिए’ दरबारात राहिला: राजाची मर्जी गेलेला. ‘दिसग्रासिओ’ म्हणजे बेढब, आणि तो रुमानियनने उचलला तेव्हा ‘दिझग्रात्सिओस’ म्हणजे किळसवाणा झाला. एका शब्दाने पाच भाषांत पाच धंदे पत्करले आहेत.

त्यात नाम आणि विशेषण यांचं वजनही सारखं नाही. इटालियन ‘दिसग्रात्सिया’ म्हणजे अपघात, घात, संकट, बेअब्रू नव्हे. इंग्रजी ‘डिसग्रेस’ या शब्दाच्या सवयीने तिथे ‘कलंक’ किंवा ‘नामुष्की’ लिहिणं ही मी पाहिलेली सर्वांत सामान्य चूक. स्पॅनिश बातम्यांत ‘देसग्रासियास पेर्सोनालेस’ झाल्या नाहीत असं वाक्य येतं. त्याचा अर्थ ‘जीवितहानी झाली नाही, कोणी जखमी नाही’. ‘वैयक्तिक दुर्दैव’ असं लिहिलंत तर वाचकाला काहीच कळणार नाही.

दुसरं मूळ ‘काप्तिवुस’, म्हणजे कैदी. कैदी तो दुःखी, दुःखी तो हीन. इटालियन ‘कत्तीवो’ आज सरळ ‘वाईट’ या अर्थाचा रोजचा शब्द आहे. ख्रिस्ती लॅटिनमधल्या ‘सैतानाचा कैदी’ या वापराने त्याला तिकडे ढकललं. फ्रेंच ‘शेतिफ’ म्हणजे किडकिडीत, अशक्त. स्पॅनिश ‘काउतिवो’ मात्र अजून कैदीच आहे. तिसरं मूळ ‘आस्त्रुम’, तारा. वाईट ताऱ्यावर जन्मलेला तो ऑक्सिटन (दक्षिण फ्रान्समधली भाषा) ‘मालास्त्रुक’. तोच फ्रेंचमध्ये झिजून ‘मालोत्रू’ झाला, आणि ‘मालोत्रू’ म्हणजे आज असभ्य, गावंढळ वागणारा. स्पॅनिश ‘आस्त्रोसो’ही ताऱ्याचाच, अर्थ गबाळा, कळकट. चौथं मूळ लॅटिन नाहीच: रुमानियन ‘नेनोरोचीत’ स्लाव मुळाच्या ‘नोरोक’वरून (नशीब) आलाय, तरी तोही ‘अभागी’पासून ‘हरामखोर’पर्यंत उतरलाय. मूळ परकं असूनही वाट तीच, यावरून ही घसरण लॅटिन शब्दांमुळे नसून ‘दुर्दैवी’ या कल्पनेतच आहे असं मला वाटतं. ज्याचं वाईट झालं त्याचंच काहीतरी चुकलं असणार, अशी समाजाची पक्की समजूत त्यामागे दिसते.

‘इन्फेलिस’ या घसरणीतून बऱ्यापैकी वाचला, पण पूर्ण नाही. स्पॅनिशमध्ये विशेषण म्हणून तो ‘दुःखी’. पण त्याच्याआधी ‘उन’ (एक) लावलंत, ‘एस उन इन्फेलिस’, की अर्थ होतो ‘भोळा, साधाभाबडा, कोणीही फसवावा असा’. इथे ‘बापडा’ फार छान बसतो.

काही जुने शब्द सभ्य आणि थोडे साहित्यिक राहिले आहेत. ‘वेन्तुरा’ म्हणजे ‘जे येणार आहे ते’. त्यावरून इटालियन ‘स्वेन्तुरातो’ आणि स्पॅनिश ‘देसबेन्तुरादो’. ‘दिक्ता’ म्हणजे ‘जे बोललं गेलं ते’, म्हणजे दैवाचा शब्द. त्यावरून स्पॅनिश ‘दिचा’ (सुख) आणि ‘देसदिचादो’ (हतभागी). ‘क्त’चा ‘च’ होणं हा अस्सल स्पॅनिश वारसा, ‘नोक्ते’ची ‘नोचे’ (रात्र) झाली तसा. यांना ‘हतभागी’, ‘दैवहत’ असे शब्द शोभतात. रोजच्या बोलण्यात ‘स्फोर्तुनातो’ आणि ‘देसाफोर्तुनादो’ चालतात, त्यांना साधं ‘कमनशिबी’ पुरे. ‘फोर्तुना’ रुमानियनमध्ये ‘फुर्तुना’ होऊन वादळ झाली आहे, तेवढं लक्षात ठेवा.

दिवसाला आणि घटनेला लागणारे शब्द वेगळेच, आणि त्यांची गल्लत फार होते. ‘नेफास्तुस’ हा रोमन पंचांगातला शब्द. ज्या दिवशी न्यायालयाचं काम करता येत नसे त्या दिवसापुढे ‘एन’ हे अक्षर लिहीत. तो दिवस अशुभच असे असं नाही. खरे अशुभ दिवस ‘आत्री’, म्हणजे काळे. आलिया नदीवर गॉल लोकांनी रोमनांचा पराभव केला तो १८ जुलै असा काळा दिवस मानला जाई. पुढे ‘नेफास्तुस’ अशुभाकडे सरकला आणि आज फ्रेंच ‘नेफास्त’, स्पॅनिश-इटालियन ‘नेफास्तो’ म्हणजे बहुतेक वेळा नुसतं ‘घातक’. औषधाचा ‘नेफास्त’ परिणाम म्हणजे ‘अपायकारक परिणाम’, त्यात दैव वगैरे काही नाही. स्पॅनिश ‘आसियागो’ मात्र दिवसालाच शोभतो. तो ‘इजिप्ती दिवस’ या जुन्या लॅटिन शब्दाचा अवशेष, मध्ययुगीन पंचांगांत दर महिन्याला असे दोन दिवस वर्ज्य लिहिलेले असत. माणसाला ‘आसियागो’ म्हणत नाहीत.

‘सिनिस्तेर’ म्हणजे डावा. रोमन शकुनशास्त्रात डावी बाजू शुभ होती, कारण ऑगुर दक्षिणेला तोंड करून बसला की पूर्व डावीकडे येते. ग्रीक रीत उलटी होती, आणि तिच्या प्रभावाने डावं अशुभ झालं. इटालियनमध्ये ‘सिनिस्त्रा’ अजून डावी बाजू आहे. स्पॅनिशने डाव्यासाठी बास्ककडून ‘इस्किएर्दो’ घेतला, फ्रेंचने ‘गोश’, आणि जुना शब्द भीतीसाठी मोकळा सोडला. पण आज व्यवहारात हा शब्द भेटतो तो विम्याच्या कागदात. ‘सिनिएस्त्रो’, ‘सिनिस्त्रो’, ‘सिनिस्त्र’ म्हणजे विम्याने भरून द्यायची घटना: अपघात, आग, चोरी, पूर. तिथे ‘अपघात’ लिहिलंत तर पाणी शिरून झालेलं नुकसान बाहेर राहतं. ‘विमासंरक्षित नुकसान’ किंवा सरळ ‘नुकसानीची घटना’ लिहावं. इटालियन ‘इन्फोर्तूनियो’ याहून अरुंद: बहुतेक वेळा कामावर झालेली इजा, खेळाडूची दुखापतही. ‘दुर्दैव’ इथे साफ चुकीचं.

जागेचा प्रश्न. फ्रेंचमध्ये ‘मालरो’ नामानंतर आला तर माणूस दुःखी: ‘आँफाँ मालरो’ म्हणजे दुःखी मूल. नामाआधी आला तर ‘वाईट झालं’ असा बोलणाऱ्याचा शेरा, किंवा निव्वळ हिणवणं: ‘दी मालरो यूरो’ म्हणजे ‘जेमतेम दहा युरो’, आपण ‘दहा टिकल्या’ म्हणू तसं. इटालियनमध्ये ‘पोव्हेरो’चंही असंच. नामानंतर तो ‘गरीब’, आधी आला तर ‘बिचारा’, आणि नातलगाच्या आधी आला तर बऱ्याचदा ‘कैलासवासी’. ‘इल मिओ पोव्हेरो नोन्नो’ हे ‘माझे कै. आजोबा’ असू शकतात. ‘माझे गरीब आजोबा’ लिहिण्याआधी ते हयात आहेत का, हे पुढच्या मजकुरात शोधा.

आणि बोलण्याला लागलेलं विशेषण. इटालियन ‘फ्राझे इन्फेलीचे’, फ्रेंच ‘रमार्क मालरोझ’, पोर्तुगीज ‘कोमेंतारियु इन्फेलिझ’: तिन्हींचा अर्थ भलतंच बोलून बसणं. मराठी बातम्यांत हल्ली ‘दुर्दैवी विधान’ दिसतं, पण विधानाला नशीब नसतं. ‘अनुचित’, ‘अप्रस्तुत’, नाहीतर ‘नको ते बोलून गेले’.

‘दुर्दैवाने’ म्हणायचं तर स्पॅनिशमध्ये ‘देसग्रासियादामेन्ते’ बिनधास्त वापरा. विशेषण शिवी असलं तरी क्रियाविशेषण सभ्य आहे. पोर्तुगीजमध्ये ‘इन्फेलिझमेन्त’च बरा. इटालियन माणूस बोलताना बहुधा ‘पुर्त्रोप्पो’ म्हणतो, रुमानियन माणूस ‘दिन पकाते’, शब्दशः ‘पापांमुळे’.

गोव्यातली जुनी पोर्तुगीज कागदपत्रं आणि वृत्तपत्रं वाचणाऱ्यांसाठी दोन गोष्टी, कारण तिथली राजवट १९६१ पर्यंत होती आणि असा मजकूर मराठी अभ्यासकांच्या हातात वारंवार येतो. निधनवार्तेत ‘इन्फाउश्तु पासामेन्तु’ आला तर तो ‘अशुभ गमन’ नव्हे, ठरीव सांत्वनशब्द आहे: ‘दुःखद निधन’. आणि नावाआधी ‘मालोग्रादु’ आला तर तो माणूस अयशस्वी होता असं समजू नका. मूळ अर्थ ‘फसलेला, पुरा न झालेला’ असला तरी माणसाच्या नावाआधी त्याचा अर्थ ‘अकाली निवर्तलेले’. १९११ च्या पोर्तुगीज लेखनसुधारणेआधीच्या छपाईत हाच शब्द दोन ‘एल’ घालून येतो, त्यामुळे आजच्या कोशात त्या रूपाने शोधलात तर सापडणार नाही. एक ‘एल’ काढून शोधा.